बांध शहराचा, पाणी शेताचे

पुण्याच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा जुंपली आणि एका मित्राने मला मध्ये ओढले : "स्वतः युरोपात बांधीव नदीकाठावर फेऱ्या मारतोस आणि आम्हाला मुठेची काळजी शिकवतोस!" मी स्पेनमधल्या मुर्सिया शहराच्या मालेकोनवर रोज संध्याकाळी चालतो, हे खरे आहे, परंतु मालेकोन फिरण्यासाठी बांधलेला नाही, हे त्याला कोणी सांगावे?

सेगुरा नदीच्या पुरापासून शहर वाचावे म्हणून घातलेला आणि अठराव्या शतकात पुन्हा बांधून काढलेला तो दीड किलोमीटरचा बांध आहे. लोक त्यावरून चालू लागले ते तो उंच आणि कोरडा होता म्हणून. शहराच्या टोकाला चढावे, खाली दोन्ही अंगांना बागा पाहत जावे आणि पलीकडे उतरावे ते थेट उएर्तात, म्हणजे शहराबाहेरच्या बागायतीत, लिंबाच्या वाड्यांत आणि पाटांच्या काठी. त्या पाटांच्या पाण्यावरून तंटा झाला, तर दर गुरुवारी शेतकऱ्यांचेच पंच तो ऐकतात. युनेस्कोने २००९ साली या प्रथेला वारसा म्हटले. आपल्या आराखड्यातला काठ कोणत्या शेतात उतरतो, एवढेच मी गटावर विचारले.

दोन गोष्टी मात्र मी सोयीस्करपणे लिहिल्या नाहीत. ऑक्टोबर १८७९च्या सांता तेरेसाच्या पुरात हा बांध असूनही शेकडो माणसे गेली, त्यांतली बरीचशी उएर्तातली होती. आणि १९९०च्या दशकात सेगुराला एवढी दुर्गंधी येत असे की लोक रस्त्यावर उतरले होते. पानशेतचा १२ जुलै १९६१ ज्याच्या घरी आजही सांगितला जातो, त्याने हे लपवावे, हे काही बरे नव्हे.

तिसरी गोष्ट गटाला ठाऊकच आहे, म्हणून कोणी बोलत नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातली आमची पेरूची बाग विकून आलेल्या पैशांवर मी इकडे शिकायला आलो. आज तिथे पार्किंगसह सात मजले उभे आहेत.

परवा मालेकोनच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारा पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी दोन्ही हातांनी उचलत होता. पाणी वाफ्यात शिरेपर्यंत मी उभा राहिलो. तुमच्याकडे जमीन आहे का, असे त्याने विचारले. "आहे," मी म्हणालो, आणि स्पॅनिशमध्ये माझा काळ सहसा चुकत नाही.