खुलासा: बचत आहे म्हणून पिपचा अर्ज थांबवू नका

ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बँकेत ६,००० पौंडांहून जास्त असतील तर आजारपणाचा वा अपंगत्वाचा कुठलाच भत्ता मिळत नाही, पैसे आधीच भावाबहिणींच्या नावावर करा.’ हे चुकीचं आहे, आणि दुसरा भाग तर घातक आहे.

पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट हा दीर्घ आजारपणासाठी वा अपंगत्वासाठी असलेला भत्ता, देताना बचत किंवा उत्पन्न बघतच नाहीत. न्यू स्टाइल ईएसए, म्हणजे आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे कामावर परिणाम होतो त्यांचा भत्ता, नॅशनल इन्शुरन्सच्या (सरकारी विम्याच्या) भरलेल्या हप्त्यांवर मिळतो. तिथेही बचत आड येत नाही.

बचत मोजतात ती युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीला. ६,००० पौंडांपर्यंत काही कापत नाहीत. त्यावरच्या दर २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, महिन्याला ४.३५ पौंड कमी होतात. म्हणजे ७,००० असतील तर १७.४० पौंड कमी, एवढंच. १६,००० च्या वर मात्र ते मिळत नाही. नवराबायकोची बचत एकत्र धरतात, आणि भारतातली एफडीसुद्धा सांगावी लागते. राहतं घर धरत नाहीत.

भत्ता मिळावा म्हणून पैसे दुसऱ्याला दिले, तर ते तुमच्याकडेच आहेत असं समजून हिशोब होतो. पैसेही गेले आणि भत्ताही.

हे नियम गव्ह डॉट यूकेवर कुणालाही वाचता येतात. व्हिसावर असाल तर सरकारी मदतीबद्दलची त्यावरची अट आधी बघा. शंका असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये फुकट विचारता येतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.