बटण दाबल्यावर फोन कोणाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कापसाच्या भावाला मागे सारून सध्या एक ॲप गाजतंय. गावातल्या पोरी जातात त्या कॉलेजने नोटीस काढली आहे: प्रत्येक विद्यार्थिनीने मोबाइलमध्ये सुरक्षा ॲप घ्यावं, संकटात लाल बटण दाबावं, आणि नोंदणी करताना पालकाचा नंबर भरणं सक्तीचं. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, ‘उशिरा का होईना, कॉलेजले सुचलं.’ दुसऱ्याचं, ‘पोरीच्या हाती मोबाइल हेच मोठं संकट, त्यात अजून ॲप कायले?’ मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘ताई अमेरिकेत आहे. तिकडे सगळं ॲपवरच चालते म्हणते. ताईले विचारा.’

विचारलंच आहे तर सांगते.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या (मधल्या-उत्तरेकडच्या राज्यांतल्या) एका सरकारी विद्यापीठात नोकरी करते. आमच्याकडे असं ॲप आहे आणि मी ते वापरते. प्रयोगशाळेतून निघायला रात्र झाली की त्यात वेळ लावायची, सोबतीला एखाद्या मैत्रिणीचं नाव द्यायचं आणि पार्किंगपर्यंत चालत जायचं. गाडीत बसल्यावर वेळ बंद करायची. बंद केली नाही तर तिला निरोप जातो आणि मी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. वेगळं बटण दाबलं तर फोन थेट विद्यापीठाच्या पोलिसांना लागतो. ‘अमुक माणूस रोज वसतिगृहाबाहेर उभा असतो’ एवढंच कळवायचं असेल तर नाव न देता लिहिताही येतं. माझ्या मते ॲपमधली सगळ्यात कामाची सोय हीच. लोक मात्र लाल बटणाबद्दलच बोलतात.

हे चालतं ते ॲपच्या हुशारीवर नाही. बटणामागे चोवीस तास जागा असलेला नियंत्रण कक्ष आहे, विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस दल आहे, गाडी आहे. त्यामागे एक कायदाही आहे. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या मुलीवर वसतिगृहाच्या खोलीत बलात्कार झाला, तिचा खून झाला. तिथे आधीही गंभीर गुन्हे घडले होते आणि ते मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं, हे आईवडिलांना नंतर कळलं. ते दोघं हटून बसले आणि १९९० मध्ये क्लेरी कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे तीन वर्षांचे आकडे जाहीर करावे लागतात. पोलीस असतील तर रोजची गुन्हेनोंद कुणालाही पाहायला खुली ठेवावी लागते. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००७ साली गोळीबारात ३२ जणांची हत्या झाली, त्यानंतर तातडीच्या सूचना देण्याचे नियम आणखी कडक झाले. आपल्याकडे कॉलेजची बदनामी होईल म्हणून प्रकरण दाबतात. इकडे आकडे दाबले तर लाखोंचा दंड बसतो. (इकडे सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. बंदुकीची भीती मनात घेऊन वर्गात बसणारी पोरं मी रोज पाहते. आपल्या पोरींना निदान ती भीती नाही.)

तरी माझा मुद्दा नियंत्रण कक्षाचाही नाही. खरा मुद्दा दाखवून दिला माझ्या भाचीने. बीएस्सीला आहे, त्याच कॉलेजात. फोनवर तिला विचारलं, घेतलं का ॲप? ती म्हणाली, ‘घेतलं ना आत्या, सक्तीच हाय. पण दाबन कोण? बटन दाबलं का पह्यले फोन बाबालेच जाते. अन् दुसऱ्या दिवसापासून कालेज बंद.’

आमचं गाव फाट्यापासून आत आहे. डिसेंबरात दोन्ही बाजूंनी तूर डोक्याच्या वर गेलेली असते, सहाच्या आतच अंधारतं, आणि एसटी चुकली की पोरी त्या रस्त्याने घोळक्याने चालत येतात. रस्त्यावरचा मोटरसायकलवाला कोण, कुणाचा, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. घरी मात्र एकही बोलत नाही. बोललं की त्या पोट्ट्याचं काय व्हायचं ते होईल, पोरीचं शिक्षण आधी थांबतं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न लागतं. ‘जमाना खराब आहे’ म्हणून बाप मोकळा होतो. त्याला पोरीची काळजी नसते असं नाही. काळजी करण्याची त्याला माहीत असलेली रीत तेवढी एकच.

अशा घरात ते बटण पोरीला आधार कसं वाटावं? इकडे अठराच्या पुढच्या मुलीने पोलिसांना बोलावलं म्हणून विद्यापीठ आपणहून तिच्या बापाला फोन लावत नाही. कॉलेजातल्या मुलांच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्कसुद्धा १९७४ च्या कायद्याने त्यांचाच आहे, पालकांचा नाही. त्याला मोजके अपवाद आहेत, जिवावर बेतलं तर हा त्यातला एक. सोबतीला कोण हे मी निवडते, आणि नकाशावरचा माझा ठिपका मी दाखवीन तेवढाच वेळ दिसतो. तेच ॲप आपल्याकडे आलं आणि बापाचा नंबर सक्तीचा झाला. उद्या भावाच्या मोबाइलवर बहिणीचा ठिपका दिवसभर फिरत राहील. दावं फक्त नव्या तऱ्हेचं.

अकरावी-बारावीच्या पोरींचं वेगळं, त्या अल्पवयीन आहेत, त्यांच्या घरी कळवावंच लागेल. मी बोलतेय ते पदवीच्या मुलींबद्दल, ज्यांना आपण मतदान करू देतो.

हिंगणघाट आठवा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजला जाताना भर चौकात, सकाळी, पेट्रोल टाकून पेटवलं. करणारा ओळखीचा, आधीपासून मागे लागलेला. त्या क्षणी कोणतं बटण दाबायचं होतं? राज्य सरकारने बायकांवरच्या अत्याचारांना फाशीपर्यंत शिक्षा देणाऱ्या शक्ती कायद्याची घोषणा केली, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात विधेयकही मंजूर झालं, राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. चर्चा सगळी फाशीची झाली. पाठलागाची पहिली तक्रार पोरीने कुणाकडे, कशी करायची आणि ती केल्यावर तिचं कॉलेज चालू कसं राहायचं, यावर कुणी बोललं नाही. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, हे आमच्या गावात किती जणांना माहीत असेल?

भावाला हे सांगितलं तर तो चिडला. ‘तू तिकडं बसून सांगतं. काही झालं त निस्तरायले आम्हीच ना? मंग आम्हालेच नाही कळवायचं?’ त्याचं चुकतं असं म्हणवत नाही. रात्री-अपरात्री गाडी काढून फाट्यावर जाणारा तोच आहे, पोलीस पोचायच्या आधी तोच पोचेल. म्हणून बापाचा नंबर काढून टाका असं मी म्हणत नाही. तो सक्तीचा नको. पोरीला वाटलं तर बापाचा, नाहीतर मैत्रिणीचा, कॉलेजातल्या मॅडमचा, आशाताईचा. आणि ‘नुसतं कळवायचं आहे, कुणाला पाठवू नका’ अशीही एक सोय हवी, ती तक्रार मॅडमपर्यंत जाऊन तिथेच थांबेल अशी.

ॲप नसलं तरी अडत नाही, हेही कॉलेजने सांगायला हवं. २०१७ नंतरच्या स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा दाबलं की ११२ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन लागावा असा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. ११२ च्या फोनला इंटरनेट लागत नाही. आमच्या फाट्यावर रेंजची एखादी काडी येते, डेटा येत नाही, तेव्हा हा फरक लहान नाही.

कॉलेजने ठाणेदारांशी बोलून एका संध्याकाळी शेवटच्या एसटीच्या वेळेला फाट्यावरून ११२ लावून पाहावा. गाडी यायला किती मिनिटं लागली ते नोटीस बोर्डावर लिहावं, सक्तीच्या नोटिशीच्या शेजारीच. पाऊण तास निघाला तर पाऊण तास लिहावा, आणि तोच कागद घेऊन एसटीच्या डेपोत जाऊन शेवटची गाडी अंधाराआधी मागावी.