‘कॉम्प्युटर’ला फुल फॉर्म नाही!

नागपुरातल्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपांवर फिरणारी फुल फॉर्मची यादी आता माझ्या पुतणीच्या वहीतही उतरली आहे. पहिलीच ओळ : कॉम्प्युटर म्हणजे ‘कॉमनली ऑपरेटेड मशीन पर्टिक्युलरली यूज्ड फॉर टेक्निकल अँड एज्युकेशनल रिसर्च’. ही ओळ खोटी आहे. पाठ केली असेल तर विसरा.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या शब्दाचा सर्वांत जुना दाखला १६१३ चा आहे. तिथे कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. मूळ लॅटिन ‘कॉम्प्युटारे’, हिशेब करणे. १६१३ मध्ये कुठलं मशीन आणि कुठलं टेक्निकल रिसर्च?

आपल्या नागपूरच्या झिरो माईलला १९०७ चा जीटीएसचा दगड आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांच्या काळातली भारताची मोजणी. तिच्यात ‘कॉम्प्युटर’ हे नोकरीतलं पद होतं. राधानाथ सिकदार १८३१ साली त्या पदावर लागले, पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. मैदानातल्या ठाण्यांवरून थिओडोलाइट या कोन मोजायच्या दुर्बिणीने टिपलेले हिमालयाच्या शिखरांचे कोन या मंडळींकडे यायचे. दुरून येणारा प्रकाश हवेत वाकतो, म्हणून शिखर असतं त्याहून उंच दिसतं. ती वाढ वजा करायची, पृथ्वीच्या गोलाईची दुरुस्ती मिळवायची, आणि लॉगरिदमची कोष्टकं उघडून उंची काढायची, सगळं हातानं. एव्हरेस्टची १८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फूट ही उंची अशाच गणितातून आली.

यंत्रांकडे पाहिलं तरी दावा टिकत नाही. १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या ‘एनिॲक’ या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा फुल फॉर्म खरा आहे : इलेक्ट्रॉनिक न्यूमेरिकल इंटिग्रेटर अँड कॉम्प्युटर. त्यात कॉम्प्युटर हा शब्द आयताच आहे! शिवाय ते यंत्र बांधायला घेतलं ते तोफांच्या माऱ्याची कोष्टकं काढायला, एज्युकेशनल रिसर्चसाठी नव्हे. दुसऱ्या एका मेसेजमध्ये हाच फुल फॉर्म ‘कॉमन ऑपरेटिंग मशीन पर्पजली यूज्ड’ असा सुरू होतो. अक्षरं आधी धरून मागाहून शब्द बसवले की असंच होतं.

यादीतले रॅम, रॉम, सीपीयू बरोबर आहेत, तेवढं मान्य. बेसिक आणि कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषांची नावंही खरोखर आद्याक्षरांचीच. पण ‘व्हायरस’ हा विष या अर्थाचा लॅटिन शब्द, ‘माऊस’ म्हणजे उंदीर आणि ‘विंडोज’ म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या. या तिन्हींपुढचे फुल फॉर्म वहीतून खोडा. परीक्षेत ‘कॉम्प्युटर’ शब्दाचं मूळ विचारलं, तर लॅटिन लिहा.