सूर्याच्या अडीचपट

मी प्रवाळ पाळतो त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या एका टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाइटचे टोक काळे पडले, मत्स्यालयाच्या नेहमीच्या दुकानात तिचा माल संपलेला होता, म्हणून काल संध्याकाळी मी दादरच्या एका विजेच्या दुकानात शिरून "चोवीस वॅटची, चौदा हजार केल्विनची टी-फाइव्ह आहे का?" असे विचारले. दुकानदाराने "वॉर्म की कूल?" असा प्रतिप्रश्न केला, आणि आपल्याकडे 6,500 च्या वरचे काही येत नाही, हेही सांगून टाकले. विषय खरे तर तेथेच संपला होता. परंतु शेजारी एक काका झिरोचा बल्ब घ्यायला उभे होते.

(हा झिरोचा बल्ब बारा-पंधरा वॅट वीज खातो आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या शून्य म्हणून विकला जातो, याबद्दल कोणी कधी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझ्या चौदा हजारांवर मात्र लगेच हरकत आली.)

"चौदा हजार? एका ट्यूबचे?"

"किंमत नव्हे काका, केल्विन. प्रकाशाच्या रंगाचं माप."

"केल्विन म्हणजे तापमान. मी शाळेत विज्ञान शिकवलंय."

"तापमानच. एखादी वस्तू तितकी तापवली तर तिचा प्रकाश ज्या रंगाचा दिसेल, तो रंग. आकडा वाढला की प्रकाश निळा होत जातो."

"मग सूर्य किती?"

"पृष्ठभागावर साधारण 5,800."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते दुकानदाराकडे वळले. "ऐकलंस का रे? यांना सूर्याच्या अडीचपट तापलेली ट्यूब हवी आहे."

"गॅरंटी नाही मिळणार," दुकानदार म्हणाला.

आता येथून निघून जाणे शहाणपणाचे होते. पण शिक्षकाने विद्यार्थ्यासारखे उभे केले की माणूस उत्तर देत बसतो. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. प्रवाळाच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवाल याच निळ्या प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे आपल्या यजमानाला देते. म्हणून दिवाणखान्यातली पिवळी ट्यूब चालत नाही, असे सगळे मी त्यांना सांगितले. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि अनामिका माझ्या नाकासमोर धरली. तिच्यात चांदीच्या अंगठीत बसवलेले, डाळिंबाच्या दाण्याएवढे पोवळे होते.

"हे पण प्रवाळच ना?"

"हो."

"मंगळासाठी घातलंय. लग्नाच्या आधीपासून बोटात आहे. रंग बघा. याला कुठली ट्यूब लावली मी?"

दुकानातल्या पोऱ्यासकट सगळे हसले. हे पोवळे मेलेले आहे, असे मी म्हणालो, तर मंगळाच्या पोवळ्याला मेलेले म्हणू नये, अशी तंबी मिळाली. याहून वाईट भाग पुढे आहे. दागिन्यांतले लाल प्रवाळ भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढते, त्याच्या ऊतींत असले शैवाल नसते आणि त्यामुळे जिवंतपणीही त्याला उजेड लागत नाही. म्हणजे काका भलत्याच कारणाने बरोबर होते, आणि वादात यापेक्षा संतापजनक प्रतिपक्ष मिळणे कठीण. ही माहिती मी त्यांना दिली नाही.

"टाकी गच्चीवर ठेवा," जाता जाता त्यांनी निकाल दिला, "ऊन फुकट आहे." मुंबईच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी तीस अंशांच्या बरेच वर जाते, मग प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते आणि बहुधा मरते, हे ऐकायला ते थांबले नाहीत. दुकानदाराने मला गणपतीच्या मखराची निळी माळ दाखवली. "पाण्यात पण चालते," तो म्हणाला.

काकांवर तरी किती चिडणार? निदान ते काही विकत नव्हते. मत्स्यालयाच्या दुकानांत प्रवाळ गडद निळ्या प्रकाशात मांडलेले असते, कारण त्या प्रकाशात त्याच्या अंगची प्रथिने हिरवी-नारिंगी चमकतात. तेच घरच्या पांढऱ्या प्रकाशात आणले की तपकिरी शेवाळी गोळा दिसतो. साडी दुकानाच्या दारात नेऊन उन्हात पाहता येते, प्रवाळ कसे नेणार? दगडी प्रवाळांना आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात संरक्षण असल्याने मी त्यांच्या वाटेला जात नाही. माझ्याकडे आहेत ते मशरूम आणि झोआंथिड, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रकार, पण त्यांनाही हाच निळा मुलामा देऊन दाम दुप्पट लावले जातात.

आणि ज्या केल्विनसाठी मी हा अपमान गिळला, तो आकडा तरी कुठे प्रामाणिक आहे? एका कंपनीची चौदा हजारांची ट्यूब जांभळट, दुसरीची स्वच्छ पांढरी. तो आकडा आपल्या डोळ्यांना प्रकाश कसा वाटतो एवढेच सांगतो. प्रवाळाला हवा असतो तो साधारण 420 ते 480 नॅनोमीटरमधला प्रकाश, आणि तो त्या ट्यूबमध्ये किती आहे, हे खोक्यावरच्या आलेखात दिसायला हवे. आलेख असतो, इंद्रधनुष्यी असतो, फक्त त्याच्या अक्षांवर आकडे नसतात. प्रकाश मोजणाऱ्या पार मीटरची किंमत माझ्या टाकीपेक्षा जास्त आहे. आमच्या ओळखीतल्या शौकिनांत मिळून असा एकच मीटर आहे, तो ज्याच्याकडे जातो त्याच्याकडेच राहतो, आणि माझी पाळी कधी येणार, असे विचारले की सगळे मला टाकीच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते विचारतात.