नॉइज रेकॉर्ड्स : ‘अनामित’ वाचकांना उत्तर

नमस्कार ‘अनामित’,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चहा पिताना, दुसऱ्यांदा चहा गार झाल्यावर. नॉइज रेकॉर्ड्स या जर्मनीतल्या हेवी मेटल लेबलवरच्या (म्हणजे रेकॉर्ड कंपनीवरच्या) माझ्या लेखात तुम्हाला चार गोष्टी खटकल्या : एक वर्ष चुकलंय, मालक कार्ल-उलरिश वॉल्टरबाखला मी देव्हाऱ्यात बसवलंय, वादकांच्या पैशांबद्दल अवाक्षर नाही, आणि ‘लेख सरळसरळ गुगल करून पाडलेला दिसतो’.

वर्षाचं आधी मिटवू. हॅलोवीन या जर्मन बँडच्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या अल्बमचा पहिला भाग १९८७चा, मी १९८६ लिहिलं. चूक माझीच. दुरुस्त केली, आभार. (दुसरा भाग १९८८चा, हे मी बरोबर लिहिलं होतं. पण ते कोण बघतो!)

आता ‘पाडलेला’. लेख आवडला नाही म्हणा, कंटाळवाणा म्हणा, चालेल. पण पाडलेला? माझा मावसभाऊ बोटीवर होता. १९८९ साली तो हॅम्बुर्गहून, म्हणजे हॅलोवीनच्या गावाहूनच, ‘कीपर’च्या पहिल्या भागाची कॅसेट घेऊन आला. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत ती टू-इन-वनवर इतकी वाजली की खालचे बिऱ्हाडकरू वर येऊन गेले. कव्हरवरचं ‘नॉइज’ मी आजीला अर्थासकट वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, ‘बघ, त्यांनीच कबूल केलंय.’ या लेबलचं नाव मला असं भेटलं. तेव्हा गुगल काढणारे दोघे शाळेत होते, साहेब.

त्या एका कॅसेटवरून मी नॉइजच्या बाकीच्या बँडच्या मागे लागलो. एसेनच्या पोरांचा क्रिएटर, स्वित्झर्लंडचा सेल्टिक फ्रॉस्ट. सेल्टिक फ्रॉस्टच्या ‘टू मेगा थेरियन’ अल्बमवरचं चित्रकार गीगरचं चित्र मी वहीत उतरवून काढलं होतं. १९८४च्या ‘डेथ मेटल’ या संकलनात हॅलोवीन, हेलहॅमर, रनिंग वाइल्ड आणि डार्क अ‍ॅव्हेंजर असे चार बँड एकाच तबकडीवर होते. ही यादी माझ्या बारावीच्या केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. वही अजून आहे. गुगल करून पाडलेली नाही.

राहिला वॉल्टरबाख. पश्चिम बर्लिनमध्ये १९८१ला पंकचं लेबल काढणारा आणि १९८३मध्ये मेटलसाठी नॉइज सुरू करणारा माणूस साधुसंत असेल असं मी कुठे लिहिलंय? ‘कीपर’ दुहेरी अल्बम म्हणून एकदम निघावा ही बँडची इच्छा होती, लेबलने ती मोडली, हे लेखात आहे. सेल्टिक फ्रॉस्टचा गायक टॉम वॉरियर याने लेबलबद्दल जाहीरपणे काढलेले कडवट शब्द तुम्ही चिकटवलेत. मला ते पाठ आहेत. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

पैशांबद्दल तर मला शिकवूच नका. १९९४मध्ये आमच्या कॉलेजच्या बँडने मुंबईच्या एका कॅसेट कंपनीशी करार केला. चार पानं इंग्रजी. चौघांनी न वाचता सह्या ठोकल्या. आजवर एक रुपया आलेला नाही, आणि मास्टर टेप कुठे आहे देव जाणे. पण कॅसेट निघाली हो! दुसरं कोण काढणार होतं आमची? तेव्हा कराराच्या कुठल्या बाजूला काय असतं ते मी सही करून शिकलोय, प्रतिक्रिया लिहून नाही.

आणि लेबल बुडालं कसं, हे तर लेखाच्या उत्तरार्धात तपशिलात दिलंय. तिथवर तुम्ही पोचलात का, शंका आहे. हॅलोवीन मोठे झाले. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं काम बघणाऱ्या सँक्च्युअरी कंपनीने त्यांना ईएमआय या बड्या लेबलकडे नेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढचा अल्बम १९९१पर्यंत लटकला. तोवर हॅलोवीनचा गिटारवादक काई हॅन्सेन बाहेर पडला आणि त्याने गॅमा रे हा बँड काढला, तोही नॉइजवरच! सगळ्यात मोठा बँड गेला तो गेलाच. गंमत अशी की २००१मध्ये नॉइज विकत घेतलं ते त्याच सँक्च्युअरीने. २००७ला ती स्वतःच युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीच्या घशात गेली. मग कॅटलॉग २०१३मध्ये बीएमजी या दुसऱ्या संगीत कंपनीकडे आला आणि २०१६ला जुन्या तबकड्या नव्या कव्हरांत निघाल्या. याला तुम्ही मालकाची आरती म्हणत असाल तर नाइलाज आहे.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा, बरं वाटेल. आणि पुरावाच हवा असेल तर त्या कॅसेटच्या कव्हरचा फोटो उद्या टाकतो. एका कोपऱ्याला कसर लागलीय, पण बाकी शाबूत आहे. त्यावर १९८७ छापलंय. हो, दिसतंय मला. बोलू नका.