सुरक्षा व आरोग्य विभाग

२०२६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी मिलान आणि कोर्टिना ही ठिकाणं ठरली, तेव्हा लातूरचा विचार झाला नसावा. तिकडं हिवाळी खेळ म्हणजे बर्फावरचे. आमच्या मराठवाड्यातही हिवाळा असतो, पण तो सकाळी साडेनऊपर्यंत. सहाला स्वेटर, मफलर, कानटोपी. अकराला अर्ध्या बाह्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा तापमानाचा आकडा पेपरात एकअंकी आला की आमच्या कॉलनीत शेकोटी पेटते, आणि शेकोटीला बसलेल्या माणसांना काहीतरी आयोजित करावंसं वाटायला लागतं. आमच्या क्रीडा महोत्सवाचा जन्म असाच झाला. शिवाय दुसरा मुहूर्त तरी कुठला? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मैदानात फक्त म्हैस उभी राहते, तीही नाइलाजानं.

बैठकीत मी एवढंच विचारलं होतं, "लेकरांना लागलं-बिगलं तर?" प्रश्न विचारणाऱ्याच्या गळ्यात काम घालायचं, हा आपल्याकडच्या सगळ्या बैठकांचा नियम. पत्रिकेत छापून आलं, 'सुरक्षा व आरोग्य विभाग प्रमुख' आणि पुढं माझं नाव. विभागात दुसरं कुणी नव्हतं. सोबत एक पेटी मिळाली, तिच्यात कापूस आणि मुदत संपलेलं आयोडिन.

पहिली अडचण अशी की सुरक्षित ठेवायला आधी लेकरं तरी हवीत. लातुरात लेकरू सकाळी एका क्लासला असतं, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी पहिल्या क्लासच्या टेस्टला. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं घाम निघेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मी एका वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "साठ मिनिटात एक चॅप्टर होतो, सर." मी दहावी-बारावीतल्या खेळाच्या वाढीव गुणांचं सांगितलं, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण सांगितलं. तरी ढिम्म. शेवटी शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेचा दाखला काढला. खो-खो खेळली आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार घेऊन आली. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि नीटला किती होते तिला?"

तरी लेकरं जमली. काही पोरी तर क्लासची बॅग मैदानाच्या कडेला ठेवून खेळायच्या. घरच्यांना त्या 'डाऊट' विचारायला गेल्यात असं वाटत असावं. मी काही बोललो नाही. ते माझ्या विभागात येत नव्हतं.

सराव पहाटे, रिंग रोडला. जानेवारीत आमच्याकडं उजाडायला पावणेसात-सात होतात, आणि पोरं साडेपाचला पळायला लागतात. त्यात पोलीस भरतीवाली पोरंही असतात, १६०० मीटरची वेळ लावून पळणारी. सगळ्यांचे जर्किन काळे, टोप्या काळ्या, कानात गाणी. आणि त्याच रस्त्यानं कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्ही अंगांनी ऊस, मागं एकही दिवा नाही, पुढं डेकवर लग्नाची गाणी. दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नाही, दिसतही नाही. मराठवाड्यातल्या हिवाळी खेळातला सगळ्यात धोकादायक प्रकार कुठला असेल तर तो हा, आणि त्याला पदक नाही.

मी पोरांना सांगितलं, समोरून येणारी गाडी दिसेल अशा अंगानं पळा, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं. कानातलं काढा. आणि चमकणारी पट्टी आणून प्रत्येकाला कापून दिली, पाठीवर लावायला. दुसऱ्या दिवशी ती पट्टी सगळ्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवर होती. चहाच्या टपरीवर एका ट्रॅक्टरवाल्यानंही मागितली, "भाऊ, मला पण द्या की थोडी." मला गहिवरून आलं. अख्खं बंडल दिलं. त्यानं ती पुढच्या बाजूला 'आईचा आशीर्वाद' या अक्षरांभोवती चौकट करून लावली. मागं अंधार तसाच.

मैदानाचं मात्र पोरांनी मनावर घेतलं. काळ्या मातीला पाऊस सरला की भेगा पडतात, त्यात पाऊल गेलं तर घोटा गेलाच. त्या बुजवल्या, सराटे उपटले, खो-खोच्या खांबाला मांडववाल्यानं दिवा टांगायला ठोकलेला खिळा होता तो काढला. खिळा बरोबर तिथं होता, जिथं पळणारी पोरगी हात टाकून गिरकी घेते. तो खिळा अजून माझ्या पेटीत आहे. पेटीतली सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच म्हणायची.

वॉर्म-अपचंही पोरांनी ऐकलं. थंडीत स्नायू आखडलेले असतात; आल्या आल्या वाकून पायाचा अंगठा धरून ताण देत बसू नये, आधी हळू पळावं, गुडघे उचलावेत, बाजूला सरकत जावं, मग वेग वाढवावा. फुटबॉलवाल्यांच्या फिफानं याचा वीस मिनिटांचा एक पाठच करून ठेवलाय आणि त्यानं दुखापती कमी होतात असं दिसून आलंय. पोरं कुरकुरली, "सर, मॅच सहा ओव्हरची, वॉर्म-अप वीस मिनिटांचा?" पण केलं.

केलं नाही ते पालकांनी.

'पालक सामना' ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला शोधतोय. चाळिशीपुढची माणसं, ज्यांची वर्षभराची हालचाल म्हणजे गाडीची किक, तीही आता बटनावर आलेली. आदल्या दिवशी शेतात हुरडा झालेला, सोबत गूळ, दही, शेंगाची चटणी. वॉर्म-अप करा म्हटलं तर एक मामा म्हणाले, "चहा झालाय की." तुमच्यापैकी बीपी कुणाला आहे विचारलं तर सगळ्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. छातीत भरून आलं, दम लागला तर थांबा, लाजू नका, एवढं सांगेपर्यंत टॉस झाला होता.

तिसऱ्या चेंडूला बँकेतल्या साहेबांनी चोरटी धाव घेतली. धाव झाली नाही, घोटा झाला.

आपल्याकडं माणूस पडला की दोन मिनिटांत वैद्यकीय महाविद्यालय भरतं. एकानं पाय धरून ओढायला घेतला, "चटकन वाजला की झालं." दुसऱ्यानं तापलेल्या मिठाचा शेक सुचवला. तिसरा आंबेहळद उगाळायला घरी पळाला. मी ओरडलो, "ओढू नका, चोळू नका, शेकू नका! बर्फ आणा." सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच पाय मोडलाय. "थंडीत बर्फ? माणूस गारठून मरंल की!"

बर्फ शोधणं हा महोत्सवातला स्वतंत्र क्रीडाप्रकार ठरला. रसवंत्या अजून लागल्या नव्हत्या. कुल्फीवाला हिवाळ्यात उकडलेल्या शेंगा विकतो. घरोघरी फ्रीज उघडले, ट्रे कोरडे. थंडीत ते भरतंय कोण? या गावानं २०१६ साली रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, इथं जानेवारीत गोठवलेलं पाणी मागणं हे उर्मटपणाचं वाटत होतं. अखेर समोरच्या वहिनींकडं सोलून गोठवलेल्या मटारची पिशवी निघाली. त्यांनी पिशवी हातातून सोडण्याआधी विचारलं, "कुणाच्या पायाला?" बँकेतले साहेब म्हटल्यावर दिली. त्यांचं कर्ज मंजूर व्हायचं होतं.

पातळ फडक्यात गुंडाळून पिशवी घोट्यावर, पंधरा-वीस मिनिटं, पाय उशीवर उंच. तेवढ्यात कुणीतरी पायाळू मामांना घेऊन आलं. पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी येतात. अशा माणसानं पाय लावला की उसण, लचक जाते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. मामा निवृत्त, भला माणूस, चप्पल काढून तयार. गर्दीचा कौल त्यांच्या बाजूनं. मी सुजलेल्या पायाला हात लावू देईना, पाय तर लांबच. बरीच वाटाघाट होऊन तोडगा निघाला: मामांनी साहेबांच्या दुसऱ्या, धडधाकट पायाला पाय लावायचा. लावला. सगळ्यांचं समाधान झालं.

मग मी घोट्याची हाडं दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली, साहेबांना धरून उभं केलं. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रेला न्यायचं, हा ठोकताळा. साहेबांनी पाच टाकली. पाचवं पाऊल वहिनींच्या ओट्यावर, चहासाठी.

याच्या तुलनेत पोरांचा अपघात एकच, पण मला जास्त घाम फुटला तो तिथं. कबड्डीत दोघांची डोकी आपटली. एक उठला, दुसरा बसून राहिला, नजर कुठंतरी. डोक्याला मार लागून पोरगं भांबावलं असेल तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, यात चर्चा नसते. कर्णधारानं मात्र केली. "सर, आमच्याकडं रेड मारणारा तेवढा एकच आहे!" मी त्या पोराला विचारलं, आज वार कोणता? म्हणाला, सोमवार. होता रविवार. कर्णधार लगेच, "सर, ते खरंच खेळायला फिट आहे, क्लास लागल्यापासून त्याला वार कळतच नाहीत!" मी ऐकलं नाही. घरच्यांना बोलावलं, दवाखान्यात दाखवायला लावलं. उलटी झाली, डोकं जास्त दुखायला लागलं किंवा उठवूनही उठेना असं काही दिसलं तर रात्रीसुद्धा थांबू नका म्हणून सांगितलं. तो संघ हरला आणि मला आठवडाभर गल्लीत कुणी नमस्कार केला नाही. पोरगं ठणठणीत आहे, क्लासला जातंय.

साहेबांच्या घोट्याची सूज उतरली. कॉलनीत त्याचं श्रेय कुणाला मिळालं हे सांगायला नको. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेचा कच्चा मसुदा परवा आला. सुरक्षा व आरोग्य विभागात आता दोन नावं आहेत. पायाळू मामांचं वर आहे.