‘दाताने कोणी मरत नाही’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरतोय. म्हणे आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात, तोंड तपासणं ही उधळपट्टी आहे, कारण दाताने कोणी मरत नाही, तिथे ना डेंटिस्ट ना खुर्ची मग बघणार कोण, आणि दात साफ केले की हलायला लागतात, त्यापेक्षा मिसरी बरी.

मरत नाही? अहो, भारतातल्या पुरुषांमधे सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे. गुटखाबंदी 2012 ची, तरी 2016-17 च्या गॅट्स या तंबाखूवरच्या सर्व्हेत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूवाले निघाले. शिवाय हिरड्यांचा आजार आणि शुगर एकमेकांना वाढवतात, मग शुगर तपासायला आलेल्या माणसाचं तोंड तिथेच बघितलं तर बिघडलं कुठे?

आता ‘बघणार कोण’. केरळात तिरुवनंतपुरमला 1990 च्या दशकात याची मोठी ट्रायल सुरू झाली, तपासणारे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते, घरोघरी जाऊन तोंडं बघत होते, आणि 2005 मधे निकाल आला तेव्हा तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. लागतं काय तर चांगला उजेड आणि सवय झालेली नजर. गालाच्या आत, जिभेखाली, कडेला पांढरा-लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंड पुरतं उघडतं का, म्हणजे तीन बोटं उभी जातात का (खर्रा-सुपारीवाल्यांनी आत्ताच करून बघा). आशाताईंच्या तिशीपुढच्या लोकांच्या फॉर्ममधे तोंडाचे प्रश्न आहेतच की! त्यांना दात उपटायला कोणी सांगितलेलं नाही.

खुर्चीचं म्हणाल तर छोटी कीड हाताच्या अवजारांनी खरवडून दातात भरायचं सिमेंट भरता येतं, ड्रिल नको, वीज नको. ट्रेनिंग झालेला माणूस हवा, एवढंच. ते सिमेंट 2021 पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, विषय संपला. साफ केल्यावर दात हलतात असं वाटतं कारण आधी ते दगडासारख्या साचलेल्या थराने धरलेले असतात, हिरडी केव्हाच सुटलेली असते.

मेसेजमधे खरी तक्रार एकच व्हायला हवी होती, ती कोणी केलीच नाही: चट्टा दिसला, चिठ्ठी दिली, ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, पण बसभाडं आणि बुडणारी मजुरी बघून माणूस गेलाच नाही तर त्याला पुन्हा फोन कोण करणार?